रविवारी ठरलेलं पाऊल

बुटाचा तळ झिजला होता. पुढच्या बाजूला, अंगठ्याखाली, जिथे रबरावर माशाच्या काट्यासारखी बारीक नक्षी होती तिथे ती पुसून गुळगुळीत पांढुरका डाग पडला होता, आणि टाचेजवळच्या खाचेत वाळूचा एक जाडसर कण असा रुतून बसला होता की नखाने निघेना. तिने तो बूट – तळहातावर मावेल एवढासा बूट – खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मग दुसरा. त्याचंही तेच. रांगणाऱ्या मुलाचा बूट असा झिजत नाही. रांगताना पाऊल उताणं पडतं, घासतं ते बुटाचं नाक, वरचं कापड... हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने पाहिलं होतं. गेले कित्येक महिने फरशीला गाल लावून ती हेच तर पाहत आली होती – तिची गुंडी आधी डावा गुडघा टाकते, उजवा पाय वल्ह्यासारखा मागून ओढते, आणि हवी ती वस्तू हाताच्या टप्प्यात आली की क्षणभर थांबते, जणू खात्री करून घेते की ती वस्तू पळणार नाही. आणि वाळू? तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वाळू कुठून येणार?

अजून चालत नाही – हे वाक्य ती किती दिवस दातांखाली घोळवत होती. पहिला वाढदिवस होऊन गेला. पुस्तकात लिहिलं होतं, घाई करू नका, प्रत्येक मूल वेगळं असतं. पण तेच पुस्तक पुढच्या परिच्छेदात 'मात्र' म्हणत होतं, आणि तिचा सगळा जीव त्या 'मात्र'पाशी अडकून पडला होता. आंघोळीनंतर टॉवेलवर गुंडीला आडवं करून ती दोन्ही मांड्यांच्या वळ्या शेजारी शेजारी धरून पाही – सारख्या आहेत? ही इकडची जरा खाली? – आणि सासूबाई दाराशी उभ्या राहून म्हणत, "चालेल गं. पाय तिला चालायलाच दिलेत." नवरा म्हणे, "तू फार वाचतेस." शेवटी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं, सोमवारी, आणि तेव्हा मात्र नवरा पुढे झाला होता: वेळ मी घेतो, तू नको टेन्शन घेऊस. तिला त्याचं केवढं बरं वाटलं होतं.

"आई, हिला बूट घालून खाली नेता का तुम्ही?"

सासूबाई दूध गाळत होत्या. गाळणी तशीच धरून म्हणाल्या, "कडेवर नेते गं. वारा लागू नये पायांना म्हणून घालते आपले."

"तळ झिजलाय."

"हल्लीच्या वस्तू! बघता बघता झिजतात. आमच्या वेळी एक जोड तीन पोरांना पुरायचा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधू लागला. बांधलेल्याच होत्या. आणि गुंडी, आजीच्या कडेवर, एका हाताने आजीचा कान धरून तिच्याकडे बघत होती – अगदी साधं, ओळखीचं, कालच्यासारखंच.

जिन्याच्या तोंडाशी शिंपीणबाईंचं दुकान होतं. 'गुंडी' हे नाव त्यांचंच; मुलगी गोल आणि एवढीशी म्हणून त्यांनी हाक मारली आणि खरं नाव बाजूला राहून हेच चिकटलं. त्या ओठांत टाचण्या धरून बोलत, तरी एक शब्द अडखळत नसे.

"काय बाई, काल तर नुसती पळत होती तुमची गुंडी! त्या दारापासून माझ्या मशिनीपर्यंत तुरुतुरु आली, आणि बसली चिंध्यांच्या ढिगात राणीसारखी. म्हटलं, हिला आता फ्रॉक नको, लगामच शिवते..."

मग त्यांनी टाचण्या ओठांतून काढल्या. एक एक करून उशीत खोचल्या. तिच्याकडे न बघता.

"पळत होती?" तिने विचारलं.

"जळलं मेलं माझं तोंड!"

"शिंपीणबाई, पळत होती म्हणजे?"

"अगं, रविवारपर्यंत गप्प राहायचं होतं ना. तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलंय. मला, त्या औषधवाल्याला, इस्त्रीवाल्याला. तुझ्यासमोर टाकील ते पहिलं पाऊल, तोवर कुणी हूं का चूं करायचं नाही. रविवारी सगळे घरी असता ना, तेव्हा दाखवणार होते तुला." त्यांनी तिचा हात धरला. "किती माया गं म्हातारीची! आमच्या सासूने केलं असतं असं? तू आता एक कर, तुला कळलंच नाही असं कर. माझी शपथ आहे तुला."

कळलंच नाही असं कर. ती रस्त्यावर आली तेव्हा हे चार शब्द तिच्या बरोबर चालत होते. औषधाच्या दुकानाची काच आतून पुसत असलेल्या माणसाने मान लववून तिला हसून दाखवलं, आणि ती थांबली. खरंच, रस्त्याच्या मध्येच थांबली, मागचा सायकलवाला काहीतरी पुटपुटत वळून गेला. औषधवाला! याच आठवड्यात मी याच्या काउंटरपाशी उभी राहून विचारलं, हाडं बळकट व्हायला काही असतं का, लहान मुलांसाठी, आमची अजून चालत नाही... आणि याने तोंडाची सुरकुतीही न हलवता मागच्या फळीवरून थेंबांची बाटली काढून दिली. वर म्हणाला, जेवणानंतर द्या. आदल्या दिवशी गुंडी याच्या दुकानासमोरून चालत गेली असेल! याने काचेतून हात हलवला असेल! आणि रोज सकाळी तोच प्रश्न – काय म्हणते गुंडी, चालते का? – मी म्हणायची, नाही हो अजून. आणि मान हलवून तो म्हणायचा, चालेल, चालेल. हा दिलासा म्हणायचा की खेळ? अख्खी गल्ली एका बाजूला, आणि समोर मी एकटी, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, आंधळ्या कोशिंबिरीतली आंधळी – फरक एवढाच की खेळात निदान सांगतात, राज्य तुझ्यावर आहे.

बसमध्ये बसायला जागा होती तरी ती उभीच राहिली. राग बसू देत नव्हता. आणि रागात एक विचित्र गोष्ट झाली, आठवणी आपोआप उलट्या होऊ लागल्या, अस्तर बाहेर काढलेल्या कपड्यासारख्या. रोज संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा गुंडी पेंगुळलेली. "आज फार दमली गं, खेळून खेळून," सासूबाई म्हणायच्या, आणि ती, मूर्ख, त्या झोपाळलेल्या कपाळाला हात लावून ताप बघायची. दमवून ठेवत होत्या! मी यायच्या आत चालवून चालवून दमवून ठेवत होत्या, म्हणजे माझ्यासमोर पाऊल पडायला नको. आणि मागची सुट्टी – नवऱ्याला एकदम हुक्की आली, चल दिवसभर बाहेर जाऊ, किती दिवसांत गेलो नाही. आणि दिवसभर मुलीला खांद्यावरून खाली म्हणून उतरवलं नाही. तिने तेव्हा मनात म्हटलं होतं, किती बदललाय हा बाप झाल्यापासून. आणि... थांब. 'आई' म्हणाली ती सकाळ. तीही सुट्टीचीच. खाटेच्या कठड्याला धरून उभी राहिलेली गुंडी, तोंडातून थुंकीचा फुगा, आणि स्पष्ट, दोन अक्षरी – आई. ती रडली होती. आणि नवऱ्याच्या फोनवर ते सगळं आलं होतं, अगदी ओठ उघडायच्या आधीपासून. ओठ उघडायच्या आधीपासून! किती नेमकी वेळ साधलीस, असं तिने त्याचं कौतुक केलं होतं. तो म्हणाला होता, नशीब.

मग दात? दात तरी? हिरडीवर बोट फिरवताना तिला टोचला तो तांदळाच्या कणीएवढा दात – तो तिला पहिल्यांदा टोचला, की तिचं बोट कुणीतरी हळूच तिकडे वळवलं होतं? बघ गं, आज फार चावतेय... कोण म्हणालं होतं ते?

प्रयोगशाळेत तिचं काम पाणी तपासायचं. शहराच्या निरनिराळ्या भागांतून नळाच्या पाण्याच्या बाटल्या येत. त्यातलं थोडं पाणी काचेच्या बशीत घालून, ऊब देऊन, दुसऱ्या दिवशी पाहायचं की काही उगवलं आहे का. उगवलं असलं तर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसत, मागून दिवा लावून ते मोजायचे. शंका असलेली बशी दोघींनी पाहायची, आणि पहिलीने आपला आकडा दुसरीला सांगायचा नाही – हा तिथला कडक नियम होता, कारण आकडा कानावर पडला की डोळे तोच शोधतात. आज ती दुसरी होती. तिने बशी दिव्यावर ठेवली आणि ठिपके मोजू लागली, आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की घरी नेमकं हेच चाललं आहे, आणि सासूबाईंना कुणी जाब विचारलाच तर त्या हेच सांगू शकतील – तुला सांगितलं नाही ते तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावंस म्हणून. क्षणभर राग डळमळला. मग दुप्पट जोराने उभा राहिला. कारण इथे दुसरीला ठाऊक असतं की आपण दुसऱ्या आहोत! इथे कुणी बशी हातात देऊन, समोर टाळ्या पिटून म्हणत नाही की बाई गं, पहिली नजर तुझीच. दुसरं असण्यात कमीपणा नव्हता. नोकरीवर परत यायचं ठरवलं तेव्हाच मी ते कबूल केलं होतं, स्वतःशी, नीट, रडून-बिडून, आणि मग डोळे पुसून. ते कबूल करणं माझं होतं, माझ्या हिमतीचं होतं. यांनी तेच मागच्या दाराने येऊन उचलून नेलं.

ठिपके पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

जेवणाच्या सुट्टीत तिने मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या. त्यांची मुलं मिशा फुटून घराबाहेर गेली होती. डबा उघडता उघडता त्या इतक्या हसल्या की झाकण घरंगळत टेबलाखाली गेलं.

"अगं, गल्लीभर शपथा घातल्या? धन्य आहे! मी तर अशा सासूला डोक्यावर घेऊन नाचले असते."

"मला हसू येत नाहीये."

"येईल. माझ्या थोरल्याने पाऊल टाकलं तेव्हा मी इथेच होते, ह्याच टेबलाशी. घरी पोचले तर सासूबाई दारातच उभ्या. पायातली चप्पल काढू दिली नाही. म्हणाल्या, चालला बरं का तुझा मुलगा, तू नव्हतीस ना. पुढे पोरगा शाळेत जायला लागला तरी त्यांचं चालूच – तू नव्हतीस ना, तू नव्हतीस ना. प्रत्येक पाहुण्याला."

"पण खरं तर सांगितलं त्यांनी."

मोठ्या बाईंनी घास तोंडाशी नेऊन थांबवला. "खरं म्हणजे काय गं," त्या म्हणाल्या, "ते खरं कशासाठी सांगितलं होतं ते मला ठाऊक आहे." मग घास खाल्ला. मग म्हणाल्या, "तुझी चालते ना पण? झालं तर. देवाची कृपा म्हण आणि डबा संपव."

चालते. हो, चालते. सकाळपासून तिने या गोष्टीचा आनंद केलाच नव्हता. पाय धड आहेत, हाडं धड आहेत, वळ्या सारख्या आहेत – इतक्या दिवसांची ती काळजी, छातीवरचा तो दगड, तो उतरला होता. पण उतरल्याचा हलकेपणा मिळण्याऐवजी तिला तो दगड हातात धरून कुणाच्या तरी दिशेने फेकावासा वाटत होता. याचाच तर होता सगळा राग! पाऊल लपवलं, ठीक. पण मी वळ्या बघत बसलेली त्यांनी पाहिलं. पाहिलं, आणि पाहू दिलं. दाराला टेकून. एक माणूस समोर भीतीने वाळत चाललाय आणि त्याच्या औषधाची बाटली आपल्या मुठीत आहे, आणि आपण म्हणतोय, थांब, रविवारी देऊ, नीट कागदात गुंडाळून... ही माया?

संध्याकाळी शिंपीणबाईंच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि मशीन बंद. म्हणजे वर खबर गेली. जिन्यातच तिला कळलं की आजचा शुक्रवार आता रविवार होणार.

दार नवऱ्याने उघडलं. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून तो या वेळी कधी परतत नसे. बिघाड संध्याकाळीच होतात, असं तोच म्हणायचा. हॉलमधली टीपॉय भिंतीला लावलेली. सतरंजी गुंडाळून उभी केलेली. मधली फरशी मोकळी, पुसलेली. गुंडीच्या अंगात नवा फ्रॉक, केस ओले करून चापून बसवलेले, आणि ती सोफ्याला पाठ लावून उभी – उभी केलेली.

"आलीस? बस, बस. हात-पाय नंतर धू, आधी तिथे बस," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उंच आणि पातळ झाला होता. "आज काहीतरी निराळीच लक्षणं आहेत हो हिची. सारखी सोडून उभी राहतेय. मला वाटतं, आज..."

"हो का," ती म्हणाली. आणि बसली. कळलंच नाही असं कर.

नवऱ्याने फोन उभा धरला. सासूबाई गुंडीच्या मागे वाकल्या. "जा, जा, आईकडे जा. चल बाळा, एक पाय..."

गुंडीने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उजळलं, जसं रोज उजळायचं. ती खाली बसली. दोन्ही तळवे फरशीवर टेकले, आधी डावा गुडघा, मग वल्ह्यासारखा उजवा पाय – आणि रांगत, भरभर, नव्या फ्रॉकने फरशी पुसत ती सरळ तिच्या पायांशी येऊन थडकली. आईकडे जायचं तर असंच जायचं असतं. तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

"अगं, चाल ना!" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी तर..."

आणि थांबल्या.

"सकाळी तर काय, आई?"

फोन हळूहळू खाली आला.

"सकाळी छान उभी राहिली होती," नवरा म्हणाला.

"सोमवारी डॉक्टरांनी किती वाजता बोलावलंय?"

"काय?"

"तू वेळ घेणार होतास. किती वाजताची घेतलीस?"

त्याने एकदा आईकडे पाहिलं. "नाही घेतली. म्हणजे... गरज नव्हती ना आता."

हे तिने धरलंच नव्हतं. दिवसभर एवढ्या गोष्टी उलट्या करून पाहिल्या, पण ही एक सरळच ठेवली होती, या एकीवर ती टेकून उभी होती. तिच्या तोंडून आवाज निघाला तो तिलाच अनोळखी वाटला, खालच्या पट्टीतला, खरवडून काढल्यासारखा. "मी कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काल झोपताना तुला म्हटलं, काही निघालं तर? तू म्हणालास, निघालं तर बघू. निघालं तर बघू म्हणालास तू! तुझ्या डोळ्यांसमोर ती चालत होती आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"वाईट वाटायचं होतं ते मला ना? मग वाटू द्यायचं होतंत! तेही तुम्हीच आपसांत ठरवायचं? मला काय वाटावं आणि कोणत्या वारी वाटावं?"

"ओरडू नकोस, ती घाबरेल."

"तिचं मी बघेन. औषधवाल्याला माहीत, इस्त्रीवाल्याला माहीत..."

सासूबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. "मी तर पाहिलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

"काय पाहिलं नाही?"

"पहिलं पाऊल. वर गच्चीत कपडे काढत होते. ही पाण्याच्या टाकीला धरून उभी होती, आणि हात सोडला हिनं. मला कळलं, आता टाकते. तर मी तोंड फिरवलं. भिंतीकडे. म्हटलं, हे मी बघायचं नाही, हिची आई आधी बघेल. धपकन पडल्याचं ऐकू आलं तेव्हा वळले. आणि हिला म्हटलं, पहिला डाव देवाचा, हा धरायचा नाही हं. आई आली की खरा."

नवऱ्यानेही हे ऐकलं नव्हतं; तो आईकडे बघतच राहिला. आणि ती – तिच्या डोळ्यांपुढे ती गच्ची आली, दोरीवरची चादर, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली एक म्हातारी, शिक्षा झालेल्या मुलासारखी. आणि तिच्या पाठीमागे, कुणाच्याच नजरेत नसलेलं ते पाऊल, या जगात कुणीही न पाहिलेलं... पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"तोंड फिरवलंत? गच्चीत? टाकीजवळ? डोक्यावर आपटली असती तर?"

"वाळू होती गं तिथे. दुरुस्तीची."

"वाळू होती म्हणे!"

"तू काहीही म्हण," सासूबाई म्हणाल्या, "मी काही चोरलं नाही तुझं."

चोरलं नाही. मग गेलं कुठे? ती उत्तर शोधत होती, चांगलं धारदार, त्यांना रात्रभर पुरेल असं – आणि तेवढ्यात तिला जाणवलं की पायांशी आता काहीच नाही. ती वळली. गुंडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, खिडकीचा पडदा मुठीत धरून, बुटांवर उभी. मधे ती सगळी मोकळी, पुसलेली फरशी. फ्रॉकचा घेर अजून हलत होता.

तिघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

ती मुलीला उचलून आतल्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. बाहेर टीपॉय परत जागेवर सरकवल्याचा आवाज, मग काही नाही. तिने फ्रॉक काढला, रोजचं झबलं घातलं, आणि पलंगाला पाठ टेकून फरशीवर बसली. चाल, असं म्हणाली नाही. म्हणणारही नव्हती. चालेल तेव्हा चालेल, माझ्यासमोर, पाठीमागे, कुणाच्या का तोंडासमोर होईना, मला आता त्या पावलाचं काही नाही... पण होतं. चडफडत होतं आत. ती स्वतःशीच भांडत राहिली, सासूबाईंच्या वतीने आणि मग स्वतःच्या वतीने, आणि दोन्ही बाजूंना दर वेळी शेवटचं वाक्य तिचंच येत होतं.

गुंडीने कुठूनतरी पावडरच्या डब्याचं झाकण पैदा केलं होतं. ते तिने आधी चाटलं, मग जमिनीवर आपटलं, मग उताणं धरून त्यात बराच वेळ डोकावून पाहिलं. मग रांगत आली, तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि ते झाकण तिच्या ओठांना लावून म्हणाली, "सुर्र."

"काय गं?"

"सुर्र," गुंडी म्हणाली, जरा रागावून, आणि झाकण कलतं केलं.

झाकणात काही नव्हतं. ते गुंडीला ठाऊक होतं – तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं, कोपऱ्यात, एक चमक, आतापर्यंत कधी न पाहिलेली: यात काही नाही, आणि तू पी. तिने ओठ पुढे करून मोठ्ठा घोट घेतला, सुर्रर, आणि तोंड पुसलं, आणि गुंडी हसली, पोट हलवून, खदखदून, जणू दोघींनी मिळून जगाला काहीतरी मस्त फसवलं होतं. नसलेलं आहे असं करणं. पुस्तकात हे होतं, पण बरंच पुढे, बरीच पानं पुढे. चालण्यापेक्षा कितीतरी मोठं, आणि कुणी त्यासाठी सतरंजी गुंडाळत नाही. मी पाहिलं. हे मी पाहिलं, आधी मीच...

की?

सुर्र. हा आवाज कुणाचा? असा घोट या घरात कोण घेतं, बशीत ओतून, डोळे मिटून? हे कुणाकडून आलं, किती दिवसांपूर्वी, किती वेळा बाहेर त्या सोफ्यावर बसून दोघींनी हा रिकामा चहा प्यायला असेल, आणि वर 'आईला सांगायचं नाही हं'... तिला आठवून पाहता येईना, कारण आठवायला तिच्याकडे काही नव्हतं. ती तिथे नव्हतीच. आणि आता विचारलं तर? नाही गं, म्हणतील. पहिल्यांदाच केलं, म्हणतील. खरं असलं तरी तेच म्हणतील.

"काय गं, काय झालं?" दारापलीकडून सासूबाईंचा आवाज आला, चाचरत, दाराला हात न लावता. "का हसली एवढी?"

"काही नाही," ती म्हणाली.

किती सहज आलं ते. एक शब्द मागे नाही, पुढे नाही. ती वाट पाहत राहिली – समाधान वाटेल, नाहीतर लाज तरी वाटेल. पण दोन्ही आलं नाही, राग फक्त सकाळपासून जिथे उभा होता तिथून हलून जरा आत सरकला, थंड झाला, आणि मांडी घालून बसला, बरेच दिवस राहायला आल्यासारखा. दारापलीकडे पावलं वाजली नाहीत. म्हणजे त्या अजून तिथेच होत्या.

झाकण पुन्हा ओठांशी आलं. तिने ओठ मिटून, आवाज न करता, घोट घेतला. गुंडीने झाकण मागे घेतलं, आत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी घालून, आवाजाची वाट बघत, ते तिच्या तोंडाशी तसंच धरून ठेवलं.